निपाणीच्या तंबाखूच्या रानात, ऐन काढणीच्या दिवसांत

शुक्रवार

निपाणीला जायचं कधीपासून डोक्यात होतं. कॉलेजातली माझी एक मैत्रीण तिथून जवळच्याच गावची, दर जानेवारीत तिचा फोन यायचा की तंबाखू काढायला आलाय, बघायचा असेल तर आत्ता ये, आणि दरवेळी माझं काही ना काही अडायचं. यावेळी सरळ रजा टाकली. पुण्याहून कोल्हापूर, तिथून दुसरी गाडी, कागल गेलं, कोगनोळीचा नाका आला आणि दुकानांच्या पाट्यांवर कन्नड सुरू झालं, गाडीतलं बोलणं मात्र तेच, शेजारच्या आज्जी सुनेच्या माहेरच्यांबद्दल जे काही सांगत होत्या ते इतकं खणखणीत मराठी होतं की मी फोन आत ठेवून नुसती ऐकत बसले. निपाणी बेळगाव जिल्ह्यात, १९५६ साली हा सगळा पट्टा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि ते दुखणं इथं अजून घराघरात आहे. गावाला चिकटून असलेलं देवचंद कॉलेज अर्जुननगरला आहे, ते कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. पोरं कर्नाटकात जेवून महाराष्ट्रात लेक्चरला जातात आणि त्याचं कुणाला काहीच वाटत नाही.

स्टँडवर उतरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो वास. गोडसर, उग्र, घशात जरा टोचणारा. मैत्रिणीचा भाऊ गाडी घेऊन आला होता, त्याला म्हटलं केवढा वास येतोय, तर तो म्हणाला "कसला?" त्याला खरंच येत नव्हता, जन्मल्यापासून नाकात बसलेला.

संध्याकाळी सोप्यात चार-पाच जण जमले. मैत्रिणीचे वडील, त्यांना सगळे तात्याच म्हणतात, मीही तात्याच म्हणायला लागले. पाणी झालं, चहा झाला आणि मग तात्यांनी कमरेची चंची काढली. मला ते सगळं जवळून बघायचं होतं म्हणून मी पुढं सरकूनच बसले. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, चुनाळीतला चुना नखाच्या टोकावर जेमतेम मुगाएवढा, मग उजव्या अंगठ्यानं मळायचं, घाई नाही, बोलणं चालूच, मधेच काडी निघाली तर ती चिमटीत धरून बाजूला टाकायची, शेवटी दोन बोटांनी वरून थापट्या मारायच्या म्हणजे बारीक धूळ उडून जाते. मग हात पुढं. ज्याला पाहिजे तो त्यातनं चिमूट घेतो आणि खालच्या ओठात सोडतो. एकानं मळायची आणि चौघांनी खायची. नको म्हणणारा एकच होता, त्याची मागच्या वर्षी तोंडाची तपासणी झाली होती, त्यानं नुसता हात हलवला आणि बाकीचे दोन मिनिटं गप्प झाले.

एक गोष्ट मला इथं येईपर्यंत नीट कळली नव्हती. निपाणीचा माल मुख्यतः विडीचा, पण पिकवणारी माणसं स्वतः विडी ओढताना कमी दिसतात, ती तंबाखू खातात. म्हातारे दोघं-तिघं विडीवाले आहेत, पोरं टपरीवर सिगरेट ओढतात ती पण घरच्यांना चुकवून, बाकी सगळा कारभार चुन्यातंबाखूचा. महाराष्ट्रातपण असंच आहे, २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत आपल्याकडं मोठ्या माणसांपैकी २६.६ टक्के कुठल्या ना कुठल्या प्रकारे तंबाखू घेणारे निघाले आणि त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के होते, खाणारे-लावणारे २४.४ टक्के. धूर दिसत नाही म्हणून आपल्याला वाटतं की इथं व्यसन कमी आहे.

शनिवार

पहाटे साडेपाचला तात्यांनी उठवलं. "दंव हाय तवर बघून घे, उनं चढली की पानाला हात लावता येत न्हाई." रान गावापासून लांब, काळीभोर जमीन, थंडी चांगलीच होती. अर्ध्या रानात तंबाखू उभा आणि अर्ध्यात कापून पालथा घातलेला.

उभं झाड मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितलं. कमरेएवढं, पानं जाड, रुंद, चामड्यासारखी, वरून हात फिरवला की चिकट लागतात कारण पूर्ण पानावर बारीक लव असते आणि त्या लवेला चीक. शेंडा कुठंच नाही, सगळ्या झाडांचे शेंडे खुडलेले. तात्या सांगत होते ते असं, की रोपं पावसाच्या तोंडावर टाकायची, ऑगस्टात लावण, मग झाडाला फूल यायला लागलं की लगेच शेंडा खुडायचा म्हणजे जी ताकद फुलाला आणि बियांना जाणार ती पानात उतरते, पान जाड होतं, कडक होतं. पण शेंडा खुडला की झाड गप्प बसत नाही, प्रत्येक पानाच्या बगलेतून फुटवा काढतं. तो फुटवा काढायचा, आठ-दहा दिवसांनी परत येतो, परत काढायचा. एकेका झाडाला हातानं. हे काम बहुतेक बायकाच करतात, वाकून, आणि त्याचा चीक हाताला बसतो तो आधी हिरवट असतो, मग काळा होतो, साबणानं जात नाही. काकी म्हणाल्या, "त्या दिवसांत भाकरी खाल्ली तरी कडू लागतीया. लेकराला घ्यायचं म्हटलं तरी आधी हात माती लावून घासायचं."

आणि नुसतं कडू नाही. ओल्या पानावरचं दंव किंवा पावसाचं पाणी अंगाला लागलं की त्यातनं निकोटिन सरळ कातडीतून आत जातं. डोकं गरगरतं, मळमळतं, उलट्या होतात, अंगातलं बळ जातं. जगभर जिथं जिथं तंबाखूची शेती आहे तिथं हा आजार ओळखतात, डॉक्टरांच्या पुस्तकात त्याला वेगळं नाव आहे. इथं त्याला "तंबाखू लागला" म्हणतात आणि लिंबूपाणी देऊन बांधावर झोपवतात. मैत्रिणीची चुलती पाचवीत असताना पहिल्यांदा फुटवे काढायला गेली, दुपारी विहिरीजवळ चक्कर येऊन पडली, दुसऱ्या दिवशी परत गेली. ती हे सांगताना अजिबात तक्रार करत नव्हती आणि मला ते ऐकवत नव्हतं.

मग तात्यांनी एका झाडाच्या बुडाशी बोट दाखवलं. जमिनीतून वीतभर उंचीचे फिकट दांडे वर आले होते, टोकाला निळसर जांभळी फुलं, हिरवं पान नावाला नाही. हा बंबाखू. तंबाखूच्या मुळाला चिकटून त्याचंच खाऊन जगतो, स्वतः काही करत नाही. वर दिसेपर्यंत खाली त्यानं झाडाचं वाटोळं केलेलं असतं. बी धुळीएवढं बारीक आणि ते जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं, परत तंबाखू लावला की मुळाचा सुगावा लागून उगवतं. तात्या तो उपटून बांधावर नाही टाकत, पोत्यात भरून लांब नेऊन जाळतात, "फूल वाळलं की बी पडलं, आणि बी पडलं की ते रान माझ्या नातवालाबी सोडणार न्हाई."

काढणी विळ्यानं. झाड बुडाशी कापायचं आणि जागेवरच पालथं घालायचं, दिवसा ऊन, रात्री दंव, असं आलटून पालटून मिळालं की पान हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं तांबूस होतं आणि त्यावर बारीक तांबडे ठिपके येतात. हे ठिपके म्हणजे मालाची परीक्षा, व्यापारी आधी तेच बघतो. म्हणून तर पहाटे यायचं, दंवानं पान मऊ असतं तोवरच उलटता, उचलता येतं, एकदा ऊन लागलं की हात लावला तरी चुरा. एक अवकाळी पाऊस पडला की ठिपके गेले, रंग गेला, काळा पडला माल. जानेवारी-फेब्रुवारीत आभाळ आलं की गावात कुणी धड बोलत नाही.

मी विचारलंच, की एवढं सगळं आहे तर तंबाखू का? तात्यांनी समोरची रानं दाखवली. खाली नदीकडं, वेदगंगेच्या अंगाला, हिरवागार ऊस. दूधगंगेवर काळम्मावाडीचं धरण झालं, पाणी फिरलं, साखर कारखाने झाले आणि ज्याच्या रानात पाणी आलं त्यानं तंबाखू सोडून ऊस धरला, कुणी त्याला भाषण द्यायला लागलं नाही. आमचं रान वर, माळाच्या अंगाला, इथं पाणी चढत नाही. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर तंबाखू जानेवारीपर्यंत तग धरतो, जनावर तोंड लावत नाही म्हणून राखण नाही, कुंपण नाही. "सोयाबीन करून बघितला, शाळू करतोच खायापुरता. पण पोरीचं लगीन काढलं तर ते तंबाखूवरच निघतंय."

दुपारी रानातच हुरडा झाला. त्याबद्दल वेगळं काय लिहायचं, ज्यानं खाल्लाय त्याला माहितीच आहे.

रविवार

आज घरीच. सकाळी आज्जीच्या शेजारी चुलीपाशी बसले. आज्जी ऐंशीच्या पुढच्या, दात जवळजवळ सगळे गेलेले आणि तरी सकाळी उठल्या उठल्या मशेरी. तव्यावर तंबाखू भाजत होत्या, काळाकुट्ट होईपर्यंत, त्याचा ठसका असा की मला बाहेर पळावं लागलं, त्या मात्र शांत. मग पाट्यावर वाटून डबीत. बोटावर घ्यायची आणि हिरड्यांना लावून बसायचं, अर्धा तास, तासभर. म्हणाल्या, "पहिल्या बाळंतपणात सासूनं लावायला शिकवली, दात घट्ट राहत्यात म्हणून. आणि भूक लागत न्हाई." हे शेवटचं वाक्य त्या अगदी सहज बोलून गेल्या. बायकांच्या व्यसनाबद्दल बोलताना आपण दात आणि कॅन्सर बोलतो, ते बरोबरच आहे, पण सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलं तर जेवायचं अशा घरात भूक मारायला काहीतरी हातात दिलं होतं हेपण खरं आहे आणि ते कुठल्या पोस्टरवर मी वाचलेलं नाही.

दुपारी खळ्यावर. वाळलेला माल रानातून आणून रचून ठेवतात त्याला चाकी म्हणतात. चाकीला आतून ऊब येते, मी हात घालून बघितला तर आतला भाग चांगलाच गरम होता. ऊब पाहिजे, त्यानंच वास आणि रंग पक्का होतो, पण जास्त झाली तर माल आतून जळतो, म्हणून वरचा खाली, खालचा वर करत राहायचं. तात्यांचे थोरले भाऊ आण्णा हे काम कुणाला देत नाहीत. रात्री मधेच उठून चाकीत हात घालून येतात. मग कुटायचं, पानाचा चुरा वेगळा, देठ-काड्या वेगळ्या, आणि बोद भरायचे. कुटताना धूळ उडते त्याबद्दल काय सांगू, मी ओढणी तोंडाला बांधून लांब उभी होते तरी रात्रीपर्यंत शिंका थांबल्या नाहीत.

रात्री जेवताना विषय निघाला की हे पीक आपल्याकडं आलं कुठून. मला जेवढं माहिती होतं ते सांगितलं. तंबाखू मूळचा अमेरिकेतला, मिरची-टोमॅटो-बटाट्याच्याच कुळातला, पोर्तुगीजांनी आणला. आणि उत्तरेत मोगल दरबारात तो पोचला तो इकडूनच! अकबराचा वकील असद बेग आदिलशाही दरबारात विजापूरला आला होता, तिथं त्यानं तंबाखू बघितला, आवडला, आणि १६०४-०५ च्या सुमारास नक्षीदार चिलीम-बिलीम सगळं सजवून अकबरापुढं ठेवला. बादशहानं दोन-तीन झुरके घेतले, हकिमानं अडवलं, दरबारात वाद झाला की जे आपल्या पुस्तकात नाही ते औषध घ्यावं का. अकबरानं पुढं ओढला नाही पण सरदारांनी धरला. आणि १६१७ मध्ये जहांगीरनं बंदी घातली, ती कुणी पाळली नाही. आण्णांना हे फारच आवडलं, "म्हंजे दिल्लीला आमच्याकडनंच गेला म्हणायचा." विजापूर इथून काही फार लांब नाही, आणि हा मुलूखही तेव्हा आदिलशाहीचाच.

सोमवार

निपाणी गावात. आधी एका वखारीत गेलो, मैत्रिणीच्या ओळखीवर आत सोडलं, फोटो काढायचा नाही या अटीवर. मोठी कौलारू इमारत, उंच छप्पर, खिडक्या थोड्या आणि त्या पण जवळजवळ बंद कारण वारं आलं तर माल उडतो. आत उजेड कमी आणि हवेत तंबाखू. बायका ओळीत बसून चाळत होत्या, पदर नाकावरून घेऊन मागं गाठ मारलेली, डोळे तेवढे दिसतात आणि ते सगळ्यांचे लाल. चाळणीच्या भोकावर मालाचा दर्जा ठरतो, मग इकडचा थोडा, तिकडचा थोडा असं मिसळून प्रत्येक विडीवाल्याला पाहिजे तसा जर्दा बनवतात, गुजरातेतल्या चरोतरचा मालपण यात येतो. मी दहा मिनिटांत बाहेर आले, डोळ्यांतून पाणी. आत ज्या होत्या त्या संध्याकाळी सुटणार होत्या. एक मावशी पाणी प्यायला बाहेर आल्या, त्यांना विचारलं मास्क वगैरे देतात का, म्हणाल्या "देत्यात की कधीमधी, पर त्यात दम लागतो."

दुपारी विडीवाल्या बायकांच्या गल्लीत. दारादारात, उंबऱ्यात, मांडीवर सूप. मी एका वैनींच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात बघत राहिले. तेंदूची पानं रात्री भिजवलेली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, ही पानं आपल्या विदर्भातून, मध्य प्रदेश-छत्तीसगडकडून येतात. पत्र्याचा चौकोनी तुकडा पानावर ठेवायचा, कात्रीनं भोवती कापायचं, पानाची शीर बरोबर कुठं यायला पाहिजे ते त्यांची बोटंच ठरवतात. मग त्यात जर्दा, चिमटीत बरोबर तेवढाच, तिरकं वळायचं, एक टोक बारीक, एक जाड, जाड तोंड लोखंडी काडीनं आत दुमडायचं, बारीक टोकाला दोरा, दोन फेरे आणि तट्कन तोडायचा. मी मनात दहापर्यंत मोजलं तर विडी सुपात पडलेली. बोलताना बघत पण नाहीत त्याकडं. दिवसभरात हजाराच्या आसपास, त्यासाठी सकाळी स्वयंपाक उरकून बसायचं ते दिवेलागणीपर्यंत, पोरगी शाळेतून आली की तीपण पानं कापायला.

मजुरी हजारावर. कंत्राटदार पानं वजनावर देतो, जर्दा वजनावर देतो आणि विड्या मोजून घेतो. आता पानं जर फाटकी, भोकं पडलेली निघाली तर हजार भरत नाहीत, मग उरलेली पानं स्वतःच्या पैशानं बाजारातून आणायची. वर तपासणीत काही विड्या बाद, त्या बाद विड्यांचे पैसे नाहीत आणि विड्यापण परत मिळत नाहीत. वैनी म्हणाल्या, "त्या बाद विड्या काय जाळत्यात व्हय? त्याबी विकत्यातच की." याच्यावर मला काही बोलता आलं नाही. विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा होता, तो २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या कामगार संहितेत गेला, १९७६ चा कल्याण निधीचा कायदा आहे, ओळखपत्र आहे, त्यातून दवाखाना, पोरांना स्कॉलरशिप मिळायची. त्या निधीसाठी विडीवर जो सेस होता तो २०१७ ला जीएसटी आल्यावर गेला, आणि गल्लीतल्या बायकांचं म्हणणं सरळ आहे की तेव्हापासून स्कॉलरशिपला पहिल्यासारखा भरवसा राहिला नाही.

या गावानं बायकांची लढाईपण बघितलीय. ऐंशी सालच्या आसपास वखारीतल्या आणि विडीच्या बायका चिकोडी तालुका कामगार महासंघात एकत्र आल्या, प्रा. सुभाष जोशी त्यात पुढं होते. गल्लीतल्या एक म्हाताऱ्या मावशी तेव्हा तरुण होत्या, त्या सांगत होत्या की आधी मालकापुढं चप्पल घालून उभं राहायची सोय नव्हती, मोर्चाला पहिल्यांदा गेलो तेव्हा नवऱ्याला सांगितलं बाजारला जाते. आणि हे सांगताना त्या हसत होत्या, काय सुंदर हसत होत्या.

संध्याकाळी टपरीवर चहा. शेजारी एक हमाल विडी पेटवून बसलेले, दर दोन मिनिटांनी विझायची, परत पेटवायचे. विडीचं असंच आहे, ओढत राहिलं नाही तर विझते म्हणून माणूस सिगरेटपेक्षा जास्त झुरके मारतो, जोरात मारतो. आत तंबाखू कमी असतो म्हणून विडी हलकी असं सगळ्यांना वाटतं, मलाही लहानपणापासून तेच सांगितलेलं, पण छातीत जाणारं निकोटिन, टार, कार्बन मोनॉक्साइड बघितलं तर ती सिगरेटपेक्षा सौम्य अजिबात नाही.

मंगळवार

आजचा दिवस आण्णांचा. सकाळी त्यांनी स्वच्छ धोतर, टोपी घातली आणि म्हणाले चल, तुला हायवेवर नेतो.

१९८१ चं निपाणीचं आंदोलन मी वाचलेलं होतं, पण तिथं उभं राहून ऐकणं वेगळं. आधीची गोष्ट अशी की तंबाखूवर इंग्रजांनी १९४३ साली अबकारी बसवली, म्हणजे शेतकऱ्याच्या घरातल्या मालाची नोंद, इन्स्पेक्टर, परवाने, आणि लायसन व्यापाऱ्याकडं. शेतकरी माल धरूनच ठेवू शकत नव्हता. कच्च्या तंबाखूवरची ती अबकारी १९७९ ला उठली पण व्यापाऱ्यांची पकड राहिलीच. आण्णा सांगतात की माल नेताना एक दर बोलायचा, पैसे देताना माल ओला निघाला, माती निघाली, रंग गेला म्हणत कापायचा, आणि तेपण पुढच्या दिवाळीपर्यंत हप्त्यानं. सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूला गुंटूरचं तंबाखू बोर्ड आहे, तिथं लिलाव होतो, दर दिसतो. विडीच्या तंबाखूला तो लिलाव नाही, हमीभाव नाही, काहीच नाही. तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

चाकणचं कांद्याचं आंदोलन करून शरद जोशी तेव्हा नावारूपाला आले होते, स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आलेला माणूस. मार्च १९८१ मध्ये हजारो शेतकरी बैलगाड्या घेऊन पुणे-बंगलोर हमरस्त्यावर उतरले आणि तिथंच राहिले. आण्णा तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे. "सगळं गाव रस्त्यावर. बायका भाकऱ्या भाजून टोपल्या पाठवायच्या, कुणाची भाकरी कुणाला गेली पत्ता न्हाई. राती भजन. जोशीसाहेब बोलायला लागलं की माणूस खोकत नव्हता." तीन आठवड्यांहून जास्त दिवस हे चाललं. ६ एप्रिल १९८१ ला पहाटे पोलिसांनी वेढलं, नेत्यांना पकडलं, लाठ्या, अश्रुधूर आणि मग गोळीबार. बारा शेतकरी गेले. तेव्हा कर्नाटकात गुंडूरावांचं सरकार होतं.

आण्णा पळताना उसाच्या रानात शिरले होते. त्यांच्या पुढं पळणारा एक जण पडला, त्याला उचलायला ते वळले आणि त्यांना मागून कुणीतरी ओढलं. एवढंच सांगितलं. मग रस्त्याकडं बघत उभे राहिले, समोरून कंटेनर धाडधाड चाललेले, रस्ता आता केवढा मोठा झालाय, सहापदरीचं काम चालू आहे. थोड्या वेळानं म्हणाले, "दहा-बारा रुपये किलोसाठी माणसं मेली म्हणत्यात. तसं न्हाई. आमचा माल, आमचा दर कोण ठरवणार, एवढंच इचारलं हुतं."

मी हे मनापासून लिहितेय, की तंबाखूविरोधी बोलताना आपण, म्हणजे शहरातली शिकलेली माणसं, या रस्त्यावरून सरळ पुढं निघून जातो. माझ्या स्वतःच्या मामांना घशाचा कॅन्सर झाला होता, आयुष्यभर तंबाखू खाल्ली, शेवटचे महिने काय गेले ते मी बघितलंय, मला हे पीक आवडत नाही आणि ते कमी व्हावं असंच वाटतं. पण ते कमी व्हायचा रस्ता माळावरच्या रानातून जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू करारावर आपल्या देशानं सही केलीय, २००४ साली मंजुरी दिली, त्याच्या सतराव्या कलमात सरळ लिहिलंय की तंबाखू पिकवणाऱ्यांना आणि कामगारांना परवडेल असा दुसरा मार्ग द्यायचा. पाकिटावर ८५ टक्के जागेत फोटो आला, ते चांगलंच झालं. सतरावं कलम मात्र या माळावर पोचलेलं मला कुठं दिसलं नाही. खाली नदीकाठी कुणीही न सांगता तंबाखू सुटला, कारण पाणी पोचलं. वर पोचलं नाही.

बुधवार

सकाळी गावातल्या डॉक्टरांना भेटले, तरुण आहेत, इथलेच. म्हणाले काढणीच्या दिवसांत दमा, खोकला, डोळे, कातडी यांचे पेशंट वाढतात, आणि तोंड पूर्ण न उघडणारी पोरं आता वयाच्या विशीत येतात, ती तंबाखूपेक्षा गुटख्यामुळं जास्त. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे पण पुड्या मिळतात, इथंही आणि तिथंही, हे मला सांगायला डॉक्टर लागत नव्हते. त्यांचं एक वाक्य मला पटलं, की पेशंटला तंबाखू सोड म्हणायच्या आधी मी विचारतो कामावर काय खातोस, किती वाजता खातोस. बऱ्याच जणांची पहिली चिमूट ही न्याहारीच्या जागी असते.

निघायच्या आधी स्तवनिधीला जाऊन आलो, जुनं जैन तीर्थक्षेत्र, तवंदी घाटाच्या तोंडाशी. वरून खालचा पट्टा पूर्ण दिसतो, उसाचे हिरवे तुकडे, तंबाखूचे काळे-तांबूस, मधे मधे शाळू.

तात्यांनी या वर्षी एक ठरवलंय. बंबाखूनं जास्त खाल्लेला अर्धा एकर आहे तिथं पुढची काही वर्षं तंबाखू नाही, हरभरा आणि शाळू फिरवायचा, आणि कृषी संशोधन केंद्रातल्या माणसाला रान दाखवायचं. आण्णांना ते मान्य नाही, दोघांची त्यावरून काल रात्री चांगलीच जुंपली होती, काकींनी मधे पडून ताटं वाढली म्हणून थांबले. मैत्रिणीचा भाऊ म्हणतो बोअर मारू, आण्णा म्हणतात आधी दोन मारल्यात त्या कोरड्या गेल्या. बाकीच्या रानात तंबाखूच. जूनमध्ये रोपं टाकायच्या वेळी परत ये म्हणाले, एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या वर बिया बसतात, इतकं बारीक बी की नुसतं फेकलं तर एकाच जागी पडतं, म्हणून बारीक वाळूत नाहीतर राखेत मिसळून टाकतात आणि वर झारीनं पाणी. ते मला बघायचंय. रजेचा अर्ज आत्ताच देऊन ठेवतेय.